चालण्याची परीक्षा

कानिटकरांच्या घरात आजवर कोणी नापास झालेलं नव्हतं. भय्यासाहेब तर कारखान्याच्या तपासणी विभागात आयुष्यभर माल पास-नापास करून निवृत्त झालेले. अजूनही भाजीवाल्याची भेंडी ते त्याच नजरेनं निरखत आणि निम्मी परत टाकत. त्यामुळे सुनेला, विनताला, इस्पितळात चालून दाखवायचंय हे कळताच जबलपुरातल्या मदन महालच्या त्या घराला बोर्डाच्या परीक्षेची कळा आली.

वास्तविक ही परीक्षा नव्हतीच, नुसतं मोजमाप होतं. विनताला चार वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. सकाळी ती चारचौघींसारखी चाले. ऊन चढलं, अंग तापलं की पाय तिचं ऐकेनासे होत. रांझीतल्या शाळेत तिचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते. तळमजल्यावरचे मिळावेत एवढंच तिचं मागणं होतं. ते मिळालं नाही तर नोकरी सोडावी लागणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मुलांना शिकवणं हा तिचा जीव की प्राण होता. प्राचार्यांनी मोठ्या मनानं सुचवलं, "मैडम, आप दिखती तो एकदम ठीक हैं. कितना चल पाती हैं, अस्पताल से लिखवा लाइए."

म्हणजे दमलं की थांबायचं, एवढंच तिला करून दाखवायचं होतं. पण कानिटकरांकडे थांबण्याची तयारी कोण करून घेणार? भय्यासाहेब तिला रोज भल्या पहाटे गल्लीत चालवू लागले. "काहून हळू चालून राहिली बेटा? हात हलव ना!" रेल्वेतल्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, नवे बूट आणून हातभार लावला. परीक्षेच्या दिवशी निघताना हातावर दही-साखरही पडली.

वेळ सकाळची, कॉरिडॉर एसीचा. रोशनी नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "छह मिनट चलना है, अपनी चाल से. थकें तो रुक जाइए."

विनता जन्मभर पहिल्या नंबराची. रुकना हा तिचा विषयच नव्हता. त्यात बाकावरून भय्यासाहेबांचा "शाबास! आणखी!" असा गजर सुरू. रोशनीनं दोनदा सांगितलं, "अंकल जी, ये रेस नहीं है." त्यांनी दोनदा मान डोलावली आणि आवाज चढवला. विनतानं दात आवळून, एकदाही न थांबता वेळ पुरी केली. निकाल लागला: वयाच्या मानानं क्षमता उत्तम.

भय्यासाहेबांनी स्कूटर थेट बड्या फुहाऱ्याच्या बाजारात नेली आणि खोव्याची जिलबी आणून गल्लीभर वाटली. "हमारी बहू पास हो गई!" बहू त्या वेळी आतल्या खोलीत पलंगावर आडवी होती आणि तिला बूट काढण्याचंही त्राण नव्हतं. पण निकाल लागल्यावर विद्यार्थ्याकडे कोण बघतो?

प्राचार्यांना तर आनंदाचं भरतं आलं. दुसरा मजला कायम झालाच, शिवाय इतक्या तंदुरुस्त बाई वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी खेळांच्या स्पर्धाही तिच्याच गळ्यात घातल्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी भय्यासाहेब तिला न्यायला शाळेत आले. शाळा रिकामी झाली तरी विनता खाली येईना, म्हणून ते धापा टाकत वर चढले. ती जिन्यात बसली होती आणि स्वतःचाच पाय दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर ठेवत होती.

"बाबा, पाय काही ऐकूनच नाही राहिले."

'हिंमत कर' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. दोन शिपायांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं.

"मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही किती खूश होते. अन् मलाबी पासच व्हायचं होतं."

भय्यासाहेबांना लाज वाटली. नोकरीत चुकीच्या मालावर कधी पासचा शिक्का न मारलेल्या माणसानं तो घरच्याच माणसावर मारला होता. घरी पोचताच त्यांनी स्वतः रोशनीला फोन केला. ती वैतागून म्हणाली, "अंकल जी, दोपहर में पैर जवाब दे जाते हैं, ये पहले बताना था ना! स्कूल से सीधे लाइए."

पुढच्या आठवड्यात विनता वर्ग आटोपून, उन्हातून भय्यासाहेबांच्या स्कूटरवर, तशीच इस्पितळात आली. तोच कॉरिडॉर, तीच सहा मिनिटं. थोड्याच वेळात डावा पाय फरशीवर घासू लागला. बाकांवर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना लगेच उमाळा आला. "शाबाश दीदी! बस थोड़ा सा और!" जबलपूरचे लोक भारी मायाळू, कोणी कोसळत असेल तर त्याला पळायचा हुरूप देतील.

विनताची जुनी खोड उसळली. अजून एक फेरी ओढून-ताणून झाली असती. तिनं भय्यासाहेबांकडे पाहिलं. ते दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून, ओठ घट्ट मिटून बसले होते. इतके गप्प बसलेले तिनं त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाहिले नव्हते.

ती थांबली. भिंतीला धरून जवळच्या खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. तिला रडू आलं. इतकी साधी गोष्ट, आणि तिची किती शरम वाटत होती!

"बस, यही चाहिए था," रोशनी लिहून घेत म्हणाली. "ग्राउंड फ्लोर के लिए साफ लिख देती हूँ."

"बाबा," विनतानं डोळे पुसले, "पुरं नाही झालं माझ्यानं."

भय्यासाहेब उठले. पिशवीतून त्यांनी खोव्याच्या जिलबीचा डबा काढला. तिला शाळेतून घ्यायला जाण्याआधीच ते बड्या फुहाऱ्याला जाऊन आले होते. पहिली जिलबी त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली. मग डबा घेऊन ते बाकांकडे वळले आणि 'थोड़ा सा और' म्हणणाऱ्या गृहस्थांपुढे तो धरून, सबंध कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लीजिए भाईसाहब, मुँह मीठा कीजिए. हमारी बहू फेल हो गई."