चिमूटभर खिमा

सुनेला तिसरा महिना होता आणि रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू. संसर्ग ताजा आहे, बाळापर्यंत पोचू शकतो. गोळ्या आजच सुरू करू. घरात मांजर आहे? कच्चं मांस खाता?"

"कच्चं? आम्ही काय लांडगे आहोत?" सासूबाई फणकारल्या. "त्या मेल्या मांजरीनंच घात केला!"

घरी येताच त्यांनी म्हातारी मांजर पोत्यात कोंबली आणि मुलाला नदीपलीकडे सोडून यायला लावलं. आठ वर्षांत ती बिचारी घराबाहेर पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाणावळीत नेहमीचीच घाई होती. सुनेनं कटलेटचा खिमा मळला, मीठ-मसाला घातला आणि रोजच्या सवयीनं चिमूटभर कच्चाच जिभेवर ठेवला. लग्न होऊन आल्यापासून ती रोज हेच करत होती. आज मात्र तिला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. धावत जाऊन ती मोरीत थुंकली, चुळा भरत राहिली.

मागे सासूबाईंनी परातीतली चिमूट तोंडात टाकली.

"मीठ अगदी बेताचं पडलंय हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "शेवटी शिकवलंय कुणी!"