उसना दम

केदारखेड्यात ज्याला पोहता येतं, त्यानं कडूबाच्या शिव्या खाल्लेल्याच असतात. पाठीला वाळका भोपळा बांधून पोराला विहिरीत ढकलायचं आणि काठावरून ओरडायचं, "दम धर! तोंड उघडलं की मेलास!" एवढीच त्याची शाळा. त्या शाळेतला पहिला नंबर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ मच्छिंद्र. कडूबाची छाती आता धाप लागून वाजायची, म्हणून बुडालेलं माणूस काढायला मच्छिंद्र उतरायचा. वर दोर धरायला मात्र कडूबाच लागे.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर द्वारकाबाईची बेबीनंदा पाणी शेंदताना पाय घसरून गावविहिरीत पडली. मच्छिंद्रनं बुड्या मारमारून डोळे लाल केले, पण रिकाम्या हातानं वर आला. पोर तळाच्या कपारीत अडकली होती आणि तिथवर पोचेस्तोवरच दम संपायचा. गळ टाकून झाले, मोटारी लावून झाल्या. झरे इतके जिवंत की पाणी हटेना. दुसऱ्या दिवशीही द्वारकाबाई काठावरून उठली नाही. "मासे खातील रे माझ्या लेकराला," एवढंच म्हणत राहिली.

मच्छिंद्रला ते ऐकवेना. त्यानं नवीन जालन्याहून मार्तंडसरांना आणलं. नौदलातून निवृत्त होऊन बँकेत चिकटलेला हा काटक माणूस हवेची टाकी, काचेचा मुखवटा आणि रबरी नळ्या घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या कानाचा पडदा फाटलेला, डॉक्टरांनी पाण्यात जायची बंदी केलेली. "शिकवतो," म्हणाला, "पण हे एका दिवसात शिकायचं काम नाही." जास्तीचे दिवस होते कुणाकडे?

मळ्यातल्या उथळ विहिरीत शिकवणी सुरू झाली. मच्छिंद्रनं नळी दातात धरली, डोकं पाण्यात घातलं आणि घाबरून लगेच बाहेर काढलं. पाण्याखाली श्वास घ्यायचा हे त्याच्या अंगालाच पटेना. सर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते.

"दम धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा. वर येताना तर बिलकुल धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येता येता फुगते. तोंड मिटलेलं असलं तर फुप्फुस फाटतं. आपल्याच बुडबुड्यांच्या मागं सावकाश यायचं."

"म्हंजी मी इतकी वर्षं उलटं शिकवून राह्यलो का?" कडूबा भडकला.

"तुमचं बरोबरच आहे. पण तुम्ही वरचा दम खाली नेता. हा टाकीतला दम खाली घ्यायचा असतो."

कडूबाला काही ते पटलं नाही. हवा ती हवा. त्यात वरची काय नि खालची काय! पण दुपारपर्यंत मच्छिंद्र तळाशी बसून बुडबुडे सोडायला लागला आणि हसत वर आला. "दादा, खाली बसून बिडी ओढावी इतकं निवांत हाये!" कडूबाचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भावाला त्याची गरज उरली नव्हती, आणि ते त्याला सोसवलं नाही.

गावविहिरीवर सरांनी दोन दोर दिले. एक बेबीनंदाला बांधायला, दुसरा मच्छिंद्रच्या कमरेला. कमरेचा दोर कडूबाच्या हातात. "नुसता धरा. ओढायचा नाही. तो त्याचा तो येईल," सरांनी बजावलं. कडूबानं मान हलवली.

मच्छिंद्र खाली गेला. पाण्यावर बुडबुडे येत राहिले, पण कडूबाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याच्या हिशोबात एवढा वेळ खाली कुणी जगत नाही.

पहिल्या दोराला हिसका बसला. गड्यांनी ओढलं आणि बेबीनंदा वर आली. द्वारकाबाईनं हंबरडा फोडला, बायांचा एकच आकांत झाला. त्याच गलक्यात कडूबाच्या हातातला दोर थरथरला. कपारीतून निघताना दगडाला घासला असेल, दुसरं काही नाही. पण दोर थरथरला याचा कडूबाला एकच अर्थ ठाऊक होता.

"वढा! जल्दी वढा! दम संपला त्याचा!"

"सोडा तो दोर! सावकाश!" सर ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. गडी दोराला भिडले. दादा ओढतोय हे खाली मच्छिंद्रला कळलं असणारच, आणि दादा ओढतो तेव्हा तोंड मिटायचं हे तो लहानपणीच शिकला होता. पाण्यावरचे बुडबुडे थांबले.

तो भसकन वर आला. "दादा, पोर..." म्हणाला आणि खोकला. ओठांवर गुलाबी फेस आला. काठावर घेईपर्यंत डोळे फिरले. सरांनी छाती दाबली, तोंडात हवा फुंकली. मच्छिंद्र गेला होता.

त्याची बायको गोजरबाई धावत आली. नवऱ्याच्या अंगावर पडून रडली, मग तिनं कडूबाच्या पायांवर हात ठेवले. "दादा, तुम्ही वढलं म्हणून जिवंत वर तरी आले. न्हाई तर खालीच राह्यले असते."

"बराबर हाये," गडी म्हणाले. "मशीननं दगा दिला."

कडूबा सरांकडे वळला. "सर, हवा व्हती का टाकीत?"

"आता ते कशाला?"

"सांगा."

सरांनी टाकीच्या हवेच्या काट्याकडे पाहिलं. "होती."

"आन् मी वढलं नसतं तर?"

"आला असता. त्याचा तो आला असता."

"ऐकलं का, गोजर? मी मारला त्याला."

गोजरबाईनं वर पाहिलं. तिचे हात कडूबाच्या पायांवरून निघाले. ती सरकत नवऱ्याजवळ गेली आणि पदरानं त्याच्या ओठांवरचा फेस पुसू लागली. कडूबा भावाचे डोळे मिटायला वाकला.

"हात लावू न्हका," ती म्हणाली.