टीव्हीचा आवाज स्वयंपाकघरात

चौऱ्याऐंशी साली भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरात टीव्ही आला, तो वसुंधराबाईंनी दोन वर्षं भुणभुण लावली म्हणून. पण त्यांच्या वाट्याला तो आला फडक्यानं पुसण्यापुरता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की त्यांच्या नवऱ्याचे, भैय्याजींचे, स्टील प्लांटमधले सोबती पुढच्या खोलीत ऐसपैस बसायचे आणि बाई आत कढईपुढे. नायिकेचं शेवटी लग्न झालं की ती मेली, हे त्यांना सोमवारी भांडेवालीकडून कळायचं.

"मलेबी पाहू द्या न एखादा सिनेमा पुरा," असं त्या एकदाच म्हणाल्या.

भैय्याजी पडले ऑफिसर. बायकोला खुर्ची देण्यापेक्षा शोध लावणं त्यांना सोपं वाटलं. नागपूरहून सुटे भाग आणून त्यांनी एक डबी जुळवली. ती टीव्हीचा आवाज बिनतारी सोडणार आणि घरातले रेडिओ तो पकडणार. टीव्ही उघडून तार जोडली तर गॅरंटी जाते, म्हणून या शास्त्रज्ञानं डबीचा माइक टीव्हीपुढच्या तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवून दिला. एक रेडिओ स्वयंपाकघरात, एक मधल्या खोलीत. न्हाणीघर तेवढं सुटलं.

"आता तुले उठाचं कामच नाही," ते म्हणाले. "चित्र कायले पायजे? आवाज तर येते."

बाईंना खरं तर बरंच वाटलं होतं. आपल्यासाठी माणसानं एवढी खटपट केली, असं त्यांनी माहेरीही कळवलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका मधल्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या. भैय्याजींनी स्वतः येऊन रेडिओ मोठा केला, माना डोलवून घेतल्या आणि बाहेर टीव्हीपुढे सोबत्यांत जाऊन बसले. एक गाणं झालं, नायक रडला, आणि मग रेडिओतून भैय्याजीच बोलू लागले. माइकला टीव्ही कोणता आणि मालक कोणता हे कळत नव्हतं.

"बायकोले आतच ठेवा लागते, कृष्णराव. बाहेर येऊन बसली तं भजे कोन तळीन? रेडिओ म्हनजे नुसता बहाना. नाहीतरी तिले समजते काय? नटीच्या साड्या पाह्यते."

"आमच्या बेबीसाठीबी एक डबी बनवा," कृष्णराव हसले. "तोंड तरी बंद राहीन तिचं."

कृष्णरावांच्या पत्नी बेबीताई मधल्या खोलीतच बसल्या होत्या, कपाळी ओलं कुंकू, हातात तिळाचा लाडू. त्यांनी तो परत वाटीत ठेवला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

साड्यांचं वसुंधराबाईंना काही वाटलं नाही. बहाना हा शब्द मात्र लागला. त्यांनी कुंकवाचा करंडा उचलला.

"चला वो. हळदीकुंकू बाहेरच्या खोलीत करू."

हळदीकुंकवाच्या बायका तबक घेऊन दारात उभ्या राहिल्यावर खुर्चीला चिकटून राहील असा मराठी पुरुष भिलाईत तरी नव्हता. सगळे उठले.

"अवं, पन सिनेमा चालू हाय," भैय्याजी म्हणाले.

"मंग? स्वयंपाकघरात रेडिओ हाय न. चित्र कायले पायजे? आवाज तर येते."

"तू कावून असं करून राहिली, लोकांपुढं?"

"लोकांपुढं तं तुमीच बोलले. तीन खोल्यांत आयकू आलं."

भैय्याजींनी रुमालाकडे पाहिलं. मग मान खाली घालून सोबत्यांसह आत गेले.

वसुंधराबाई नवऱ्याच्या वेताच्या खुर्चीत टेकल्या. थोड्या वेळानं आतून भजी करपल्याचा वास आला; कढई आता पुरुषांच्या हाती होती. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता रुमालाखालचा माइक तोंडाशी धरला.

"कृष्णराव, भजे परतवून घ्या. अन् आमच्या यायले म्हना, चहा टाका. आद्रक कुटून."

आतून उत्तर आलं नाही. येणार कुठून? डबी एकाच बाजूनं बोलायची. भैय्याजींनीच तशी बनवली होती.

बेबीताईंनी वाटीतला लाडू पुन्हा उचलला. नायिका अजून जिवंत होती.