मुंबईचा चंद्र आणि फरीदाबादची बाटली

मी बाटली बोलतेय. हो, व्हिस्कीचीच! नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण एकदा मी सुरू झाले की मध्ये उठून जायचं नाही.

जन्म माझा जपानचा. पण खानदानी वगैरे मी नव्हे. कुठलं बार्लीचं माल्ट, कुठलं मक्याचं मद्य, दोघं वेगवेगळ्या पिंपांत मुरलेली. एका म्हाताऱ्याने थेंब थेंब चाखून त्यांची जोडी जमवली. आमच्यात त्याला ब्लेंड म्हणतात, तुमच्यात सोयरीक. दोघांचे स्वभाव जुळायला वेळ लागतो, हे मी तिथेच शिकले.

पुढे बोटीने आले ती गुडगावच्या एका ठेक्यावर, म्हणजे तिकडच्या दारूच्या दुकानात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. वर दिव्याखाली मिरवायची महागडी स्कॉच मंडळी, आणि मी खाली, परवडणाऱ्यांच्या रांगेत. तिथे माणसं वाकायची ती बुटाची नाडी बांधायला. एकाने मला उचललं आणि म्हणाला, “जापानी? इतनी सस्ती? नकली होगी यार!” अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मग एका संध्याकाळी कानटोपी घातलेले विनायकराव पेठे आले. केंद्र सरकारच्या कचेरीत अधिकारी, राहायला फरीदाबादला. तिथल्या मराठी मंडळातलं कुणी बघेल म्हणून बिचारे इतक्या लांब आले होते, तर बिलाच्या रांगेत मंडळाचे खजिनदार दिनकरराव पुढेच उभे! दोघांनीही ओळख दाखवली नाही. शहाणी माणसं.

घरी आल्यावर मला माझं काम कळलं. पेठ्यांच्या मैत्रेयीला करोल बागेतल्या अंगद सहगलशी लग्न करायचं होतं. सहगलांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. अंगदची आई राजी होती, वडील मात्र अडून बसले होते. “मराठी लोग रूखे होते हैं,” ते म्हणायचे. “जिस घर में मेहमान को दिल से पिलाते नहीं, वहाँ रिश्ता कैसे करूँ?” शनिवारी सगळे जेवायला येणार, आणि होय की नाही ते त्याच दिवशी ठरणार.

“बाबा, प्लीज,” मैत्रेयी सारखी बजावत होती, “पन्हं पुढे करू नका हं!”

शनिवारी सकाळी विनायकरावांच्या पत्नी हेमलताबाई कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या आणि किंचाळल्याच. “अहो, आज संकष्टी!”

या संकष्ट्या त्यांनी मैत्रेयीचं लग्न जुळू दे म्हणूनच धरल्या होत्या. दिवसभर फक्त पाणी, जेवण चंद्रोदयानंतर. “चंद्रोदय होईपर्यंत या घरात बाटलीचं झाकण उघडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी बाप्पाला शब्द दिलाय.” आता बोला! ज्या लग्नासाठी उपास, तेच लग्न उपासापायी मोडायची वेळ. फरीदाबादच्या धुरकट आभाळात चंद्र कोण शोधणार? त्या आपल्या कॅलेंडरात छापलेली वेळ बघून उपास सोडायच्या. ते कॅलेंडर दरवर्षी त्यांचा पुण्याचा भाऊ पाठवायचा.

संध्याकाळी सहगलजी बायको-मुलासह आले ते स्वतःची महागडी स्कॉच घेऊन. तिला टेबलावर माझ्या शेजारी ठेवलं, तर बया माझ्याकडे बघेचना. लिंबू सरबत झालं, काजू झाले, साबुदाण्याची खिचडी झाली. छापलेली वेळ काही येईना.

“पेठेजी,” सहगलजी शेवटी म्हणाले, “बोतल सिर्फ दिखाने के लिए रखी है क्या?”

विनायकरावांचा हात माझ्या झाकणावर आला. मी श्वास रोखला. एक पीळ दिला असता तर काम झालं असतं. पण त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. दिवसभराच्या उपासाने ओठ सुकलेले, आणि तशाच त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. विनायकरावांनी हात मागे घेतला. “आज इनका व्रत है, चाँद निकलने के बाद ही खोलेंगे.” खरं सांगते, न उघडल्याचा मला राग आला नाही. उलट त्या माणसाचा अभिमान वाटला.

सहगलजी मात्र उठलेच. “चलो जी.” मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. अंगद बूट घालायला तयार होईना. विनायकरावांनी घाईघाईने मला उचललं आणि सहगलजींच्या हातात दिलं. “निदान ही तरी घेऊन जाइए. हमारी तरफ से.”

संपलं म्हटलं. आता करोल बागेतल्या कुठल्यातरी कपाटात धूळ खायची.

स्कॉच काखेत, मी हातात, असे सहगलजी पार्किंगमध्ये आले. किल्ली शोधता शोधता त्यांनी सहज वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या टाकीमागून, धुरक्यातून वाट काढत, थालीपिठासारखा तांबूस चंद्र वर आला होता.

“ओए!” त्यांनी मला उंच उचललं आणि बाल्कनीकडे बघून आरोळी ठोकली. “भाभीजी! चाँद!”

हेमलताबाई कॅलेंडर घेऊनच बाल्कनीत आल्या. “भाईसाब, अभी टाइम नहीं हुआ!”

“अजी टाइम को छोड़ो, चाँद को देखो!”

आजूबाजूच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. खाली गाडीजवळ सहगलबाई हसायलाच लागल्या. “बहनजी, कैलेंडर कहाँ का है? करवा चौथ पे मेरी बंबई वाली ननद भूखी बैठी रहती है, तब तक हम यहाँ खा-पी लेते हैं!”

हेमलताबाईंनी डोळ्यांशी धरून बारीक अक्षरं वाचली. “अगं बाई! मुंबईचा चंद्रोदय! म्हणजे इतकी वर्षं मी इथे बसून मुंबईच्या चंद्राची वाट बघत होते?” आणि त्या इतक्या हसल्या, की विनायकरावांना त्यांना धरावं लागलं.

सगळे पुन्हा वर! चंद्राला अर्घ्य झालं, आरती झाली, सहगलजींनी टाळ्या वाजवल्या. हेमलताबाईंनी देवघराचा पडदा ओढून घेतला आणि गरम मोदक आणले. घरात मापाचा ग्लास नव्हता, म्हणून विनायकरावांनी खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं.

“दवाई दे रहे हो?” सहगलजी गरजले, पण आता हसत.

आधी त्यांची ती धुरकट चवीची स्कॉच. मोदकावर घोट घेतला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. “धुआँ तो बाहर फ्री मिल रहा है, जी!”

मग मी. कट्ट! काय सांगू, काय वाटलं ते! सहगलजींनी मोदकाचा घास घेतला, वर माझा छोटा घोट. आधी माझा मध लागला, मग पिकल्या नासपतीचा वास, आणि शेवटी माझ्यातला जायफळासारखा तिखटगोडपणा मोदकातल्या जायफळाला जाऊन भेटला. सहगलजी डोळे मिटून बसले. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

“एक ढक्कन और,” ते म्हणाले. मग विनायकरावांकडे वळले. “मेहमान रूठ के जा रहा था, फिर भी आपने भाभीजी का व्रत नहीं तोड़ा. बहू तो मैं इसी घर से ले जाऊँगा.”

मैत्रेयी रडली, अंगदने चपळाईने एक मोदक तिच्या तोंडात कोंबला. आणि मी? झाकणाझाकणाने रिकामी होत गेले, जिंकत गेले! ती स्कॉच भरलेलं पोट घेऊन मुकाट्याने करोल बागेला परत गेली.

मैत्रेयी आता सासरी आहे. मला हेमलताबाईंनी धुऊनपुसून बाल्कनीत ठेवलंय, माझ्यात मनीप्लांट आहे. कधी ठेक्यावर गेलात तर माझ्या बहिणींसाठी जरा वाका हो, एवढंच मागणं.

आज पुन्हा संकष्टी. हेमलताबाई कॅलेंडर बघत नाहीत, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहतात. समोरच्या टाकीमागे उजेड दिसला की माझ्या काचेवर पहिली तिरीप पडते, आणि त्या आत वळून ओरडतात, “अहो, ताटं घ्या! आपला चंद्र आला!”