आधी कामाक्षीअम्मांचं म्हणणं

अनिरुद्धरावांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि कालव्याच्या तळाला काँक्रीट का हवं, हे ते ठसठशीत तमिळमध्ये सांगू लागले. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत वसुमतीने हात वर केला.

"सार, आधी कामाक्षीअम्मांचं म्हणणं."

घरी त्यांना अप्पा म्हणणारी त्यांची लेक इथे सार, म्हणजे सर, म्हणत होती. तंजावरच्या त्या मंगल कार्यालयात कालवाकाठच्या गावांची ही सभा तिनेच सुरू केली होती. नियम एकच. आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं, मग आपलं. अनिरुद्धराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते; सभेला आज पहिल्यांदाच आले होते. नियम इतरांसाठी असेल, असं ते धरून चालले होते.

त्यांच्या आधी बोललेल्या कामाक्षीअम्मांना काँक्रीट नको आहे, असं अनिरुद्धरावांनी सांगून टाकलं. पुढच्या रांगेतल्या कामाक्षीअम्मांनी नकारार्थी मान हलवली. अम्मांच्या माडांना पाझर मिळणार नाही, अशी त्यांना भीती आहे, असं अनिरुद्धरावांनी जोडलं. पुन्हा तीच मान. मागे कोणीतरी हसलं. पापनाशमच्या बाजूची माणसं उठू लागली. कालव्याच्या टोकाला त्यांची शेतं, वाटेत झिरपून जाणारं पाणी तिथवर पोचत नव्हतं, आणि ती अनिरुद्धरावांना ऐकायला आली होती.

अनिरुद्धरावांचे कान तापले. माईक बाजूला धरून ते घरच्या मराठीत हळूच म्हणाले,

"वसू, लोक उठून चाललेत. मला तेवढं सोड की."

ही भाषा त्या सभेत दोघांनाच कळत होती. वसुमतीची नजर क्षणभर खाली गेली. मग तिने माईकवरून, तमिळमध्येच उत्तर दिलं.

"इथे सगळ्यांना कळेल असंच बोलायचं, सार."

उठलेली माणसं उभ्याउभ्याच थबकली. अनिरुद्धरावांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. मग कामाक्षीअम्मांकडे वळून त्यांनी विचारलं, माझं काय सुटलं?

माडांचं राहू दे, त्या म्हणाल्या. कालव्याच्या पाझरावर गल्लीची विहीर भरते, सगळी गल्ली तेच पाणी पिते, आणि काँक्रीटचं बोलणं सुरू करण्याआधी गल्लीत कोणी विचारायला आलं नाही. अनिरुद्धरावांनी ते जसंच्या तसं सांगितलं. या वेळी मान होकारार्थी हलली. मग त्यांनी आपली बाजू मांडली, नेहमीपेक्षा थोडक्यात. पापनाशमचा शेतकरी पुढे आला, त्यालाही आधी अनिरुद्धरावांचं म्हणणं सांगावं लागलं. सभा उठली तेव्हा एवढं ठरलं होतं की काँक्रीटचा निर्णय होण्याआधी दोन्हीकडच्या लोकांनी कालव्याच्या काठाने एकत्र चालत जायचं, पाझरावरच्या विहिरी बघत.

कॉफी घेताना कामाक्षीअम्मांनी त्यांना गाठलं. मघाशी त्या पोरीला तुमच्या भाषेत काय म्हणालात, असं त्यांनी विचारलं.

"माझी मुलगी आहे ती," अनिरुद्धराव म्हणाले. "वशिला लावत होतो."

कामाक्षीअम्मांनी खुर्च्या रचून ठेवणाऱ्या वसुमतीकडे पाहिलं.

"मग?"

"लागला नाही," अनिरुद्धराव म्हणाले, शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात.