विसावं नाव

एम्रिसने सुरी पँटला पुसली आणि काळ्या पावाचे सात तुकडे केले. बराकीचा नियम असा की कापणाऱ्याने शेवटी उचलायचं; बाकीच्यांनी पत्ते ओढायचे आणि ज्याचं पान मोठं त्याने आधी उचलायचं. एम्रिस वेल्समधला खाणकामगार, पण पाव कापताना सोन्याच्या कामाला बसल्यासारखा बसायचा. तरी एखादा तुकडा नखभर लहान पडायचाच. त्या दिवशी ड्रूइटला एक्का आला. त्याने सगळ्या तुकड्यांवरून नजर फिरवली आणि नेमका सगळ्यांत लहान उचलला.

समोर बसलेल्या लायलने मनात मोजलं. हा सहावा दिवस.

जर्मनांच्या कैदेत दोन वर्षं काढलेला माणूस असं करतो का? पोटात कावळे कोकलत असताना कसला आलाय सज्जनपणा! ज्याला भूक नाही त्याला कुणीतरी खायला घालतंय, आणि या छावणीत जर्मन कुणाला फुकट खायला घालत नव्हते.

चुलीखालून खणलेला भुयारी रस्ता कुंपणापलीकडे पोचला होता. शुक्रवारी वीस जण जाणार होते. वसंतात खणलेलं भुयार निघायच्या दोन दिवस आधी पकडलं गेलं, तेव्हापासून सगळ्या बराकीला संशयाची कावीळ झाली होती. ज्याच्याकडे बघावं तो पिवळाच दिसायचा. म्हातारा वॉरंट ऑफिसर हेस्केथ यादी सांभाळायचा आणि माणसांवर नजर ठेवायचं काम त्याने लायलला दिलं होतं. यादीत विसावा ड्रूइट होता. एकविसावा लायल. चिठ्ठ्या तशाच निघाल्या होत्या, एका आकड्याने तो मागे राहिला होता आणि ते त्याला रोज जेवताना टोचायचं.

त्याने हेस्केथला पावाचं सांगितलं. हेस्केथने दाढी खाजवली, म्हणाला की कुठेतरी पाणी मुरतंय खरं, पण नुसत्या पावावरून माणसाला काढता येत नाही. कोण खायला घालतं तेवढं शोधून काढ, उद्या सकाळी मी नावं पक्की करतो.

ड्रूइट रोज दुपारी तासभर नाहीसा व्हायचा. लायल त्याच्या मागे गेला. तो पडक्या न्हाणीघरात शिरला. आत कुणी जर्मन असणार, या खात्रीने लायलने दाराच्या फटीला डोळा लावला.

आत ड्रूइट एकटाच होता, कमरेच्या वर उघडा. जमिनीवर पलंगाच्या फळ्यांची एक अरुंद चौकट उभी केली होती आणि तो दोन्ही हात पुढे ताणून, पोटावर सरपटत तिच्यातून अंग काढत होता. खांद्यांची सालं निघाली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. एक धक्का, दुसरा, आणि तो पलीकडे गेला.

लायलने दार ढकललं. ड्रूइट दचकला आणि मग हसला.

"तू होय! मला वाटलं, मेलो आता."

त्याने सगळं सांगून टाकलं. शेवटच्या टप्प्यात आधाराच्या फळ्या अपुऱ्या पडल्या म्हणून भुयार तिथे निमुळतं झालं होतं. एम्रिसने त्याचे खांदे बघून बजावलं होतं की गड्या, तू चार बोटं जास्त आहेस, अडकलास तर सगळ्यांचंच मरण. हेस्केथच्या कानावर गेलं असतं तर नाव कटलंच असतं. म्हणून एम्रिसने गुपचूप ही चौकट करून दिली होती आणि ड्रूइटने सहा दिवस पोट मारलं होतं. आज तो पहिल्यांदा पार झाला होता.

"म्हाताऱ्याला सांगू नकोस रे," तो म्हणाला. "आता बसतोय की मी. मला घरी जायचंय, बाकी काही नाही."

लायलला स्वतःची लाज वाटली. तो नाही सांगत म्हणाला, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाला.

ड्रूइट इतका खुशीत होता की त्याने चौकट लायलपुढे सरकवली. तू तर काठी आहेस, बघ तरी शिरून, म्हणाला. लायल आढेवेढे घेत पोटावर झोपला आणि एका दमात, कुठेही न घासता, पलीकडे निघाला. ड्रूइटने त्याच्या पाठीवर थाप मारली.

सकाळी हेस्केथ यादी घेऊन बसला होता. हातात पेन्सिलीचा तुकडा होता.

"कळलं का, कोण खायला घालतं त्याला?"

लायलने दिलेला शब्द होता. आणि तो न मोडता ड्रूइटला वाचवणारं एखादं वाक्य शोधायला फार डोकं लागलं नसतं.

"नाही कळलं, सर."

"हं. मग धोका नको." हेस्केथने एक नाव खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं. "विसावा तू. शेवटी भुयार अरुंद आहे म्हणतात, एम्रिसकडून एकदा माप घेऊन ये."

"माप झालंय, सर," लायल म्हणाला.