थंड, कोरडी आणि शांत खोली

"रॅक जुना झाला होता आणि वायरमनने देखभालीत हयगय केली, म्हणून रुग्णालयाचे नेटवर्क बंद पडले," असे चौकशीच्या पहिल्या अहवालात नमूद आहे. मित्रांनो, मी एक जुना रॅक आहे. अहवालातला तो रॅक मीच. माझे वय नऊ वर्षे. कारखान्यातून मी निघालो तेव्हा वीस वर्षे टिकेन, असे माझ्यासोबतच्या कागदावर छापलेले होते. तेव्हा 'जुना' हा शब्द अहवालात कोणाच्या सोयीसाठी आला, ते तपासले पाहिजे. हयगयीकडे नंतर येतो.

मी म्हणजे उभे लोखंडी कपाट. माझ्या खणांत संगणकांना एकमेकांशी जोडणारे स्विच बसवलेले असत आणि पाठीमागून केबलींच्या जुड्या खाली उतरत. प्रयोगशाळेत रक्त तपासले की त्याचा निकाल माझ्यातून वॉर्डात पोहोचे. एवढ्या कामाला फार काही लागत नाही: कोरडी हवा, पुढे-मागे माणूस उभा राहील इतकी मोकळी जागा आणि दाराला कुलूप.

माझी जागा रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी निवडली. लाँड्रीला लागून एक खोली रिकामी होती. त्यांनी टेप लावून माप घेतले आणि वहीत लिहिले, "खोली थंड, कोरडी व शांत." तिन्ही विशेषणे खरी होती, कारण तो लाँड्रीचा सुट्टीचा दिवस होता. आठवड्यातून एक दिवस ती खोली तशीच असे.

सोबत आलेले वायरमन, ज्यांना सगळे काका म्हणत, तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, उद्या लाँड्री चालू असताना एक चक्कर मारा, मग ठरवा. नाहीतर जिन्याजवळची खोली आहेच की."

"तिथं मोडक्या खुर्च्या आहेत, काका."

"खुर्च्यांना काय, कुठेही बसतील."

व्यवस्थापक हसले नाहीत. खुर्च्या कोरड्या राहिल्या आणि मी वाफेत गेलो.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून गरम, दमट हवा येऊ लागली. चादरींचे बारीक तंतू माझ्या पंख्यांत अडकत. लाँड्रीतल्या मावशी दारातून डोकावून म्हणत, "काका, तुमचं कपाट आमच्यापेक्षा जास्त घामाघूम झालंय. त्यालाही एक टॉवेल देऊ का?" काका म्हणत, "द्या, पण वाळलेला द्या." आणि खरोखरच फडके घेऊन मला पुसत. दर आठवड्याला पंखे काढून ब्रशने झाडत. हीच ती अहवालातली हयगय.

माझी जागा बदलावी म्हणून काकांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आले, "पाहणीअंती खोली योग्य आढळली आहे." ज्या पाहणीविषयी तक्रार होती, तिचाच दाखला तक्रारीला उत्तर म्हणून देण्यात आला. या विचारपद्धतीचे मला आता आश्चर्य वाटत नाही. मी थकलो आहे.

अखेर एका सकाळी गंजलेल्या जोडण्यांनी दगा दिला. दोन तास रक्ताचे निकाल वॉर्डात पोहोचले नाहीत. परिचारिका कागद घेऊन जिने चढत-उतरत राहिल्या आणि एक शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. त्यानंतर जो अहवाल आला, तो लिहिला व्यवस्थापकांनीच. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या काकांना कामावरून काढावे, अशी त्यात शिफारस होती. काकांनी दाद मागितली आणि बाहेरून एक अभियंता बाई फेरचौकशीला आल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर तुम्हालाही कोणाची तरी जागा ठरवावी लागेल. यंत्राची, झाडाची, कदाचित माणसाची. ती जागा कामाच्या दिवशी पाहा. तिथे थोडा वेळ स्वतः उभे राहा. जिथे तुम्हाला श्वास घेता येत नाही, तिथे दुसऱ्याला वर्षानुवर्षे ठेवू नका, आणि तो मोडला की त्याचे वय काढू नका. माझी एवढीच विनंती आहे.

बाईंनी कागद मिटले आणि म्हणाल्या, "चला, खोली पाहू." लाँड्री चालू होती. त्या आत आल्या, माझ्या गंजलेल्या दारावरून बोट फिरवले. काका नेहमीप्रमाणे फडके घेऊन माझ्याशेजारी उभे होते. व्यवस्थापक उंबऱ्याबाहेरच थांबले, नाकाला रुमाल लावून.

"आत या ना," बाई म्हणाल्या. "जागा तुम्हीच निवडलीत ना?"

व्यवस्थापकांनी दिलेले उत्तर बाईंसोबत आलेल्या लेखनिकाने जसेच्या तसे उतरवून घेतले. मीही ते तसेच सांगतो:

"नको मॅडम, मला ही वाफ दोन मिनिटंसुद्धा सोसत नाही, म्हणून तर तेव्हा मी मुद्दाम सुट्टीचा दिवस बघून आलो होतो."